वायरच्या तुकड्यातून चेतापेशी

थर्माकोलची चेतापेशी (मज्जासंस्थेतली निरोप वाहणारी पेशी) दप्तरातून शाळेत येईपर्यंत मोडते, आणि लोकरीच्या वृक्षिका (निरोप घेणाऱ्या फांद्या) लोंबत राहतात. त्यापेक्षा इलेक्ट्रिशियनकडे उरलेली अनेक तारांची लवचिक वायर मागा.

१. प्रत्येकी वीतभर तुकडा. दोन्ही टोकांचं प्लास्टिक सोलून आतल्या तांब्याच्या तारा फाकवा. एका टोकाला जास्त सोला, त्या वृक्षिका.
२. वृक्षिकांच्या बुडाशी मातीचा गोळा दाबा. हा पेशीकाय, पेशीचा मुख्य भाग.
३. मधल्या प्लास्टिकला ब्लेडने गोल काप देऊन तुकडे किंचित सरकवा. प्लास्टिक म्हणजे मायलिन, पेशीच्या लांब तंतूवरचं आवरण; मध्ये दिसणारं तांबं म्हणजे रॅनव्हिअरच्या गाठी, त्या आवरणातल्या उघड्या जागा. एरवी पाठ करूनही न कळणारा हा भाग इथे चटकन कळतो.
४. सगळ्यांच्या पेशी बाकावर ओळीने मांडा: एकीचं शेपूट (दुसरं सोललेलं टोक), पुढे दुसरीच्या वृक्षिका. मुलं दोन पेशींच्या तारांना एकमेकांत हमखास पीळ घालतात, तो सोडवायला लावा. प्रत्यक्षात तिथे साधारण २० ते ४० नॅनोमीटरची फट असते आणि निरोप रसायनांमार्फत पलीकडे जातो. फटीत साबुदाण्याचे दाणे ठेवले की झालं.

ब्लेडचं काम शिक्षकांनीच करावं. आणि प्लग जोडलेली वायर वर्गात आणूच नका. कुणीतरी ती लावून बघणारच.