गणपतीतल्या प्रश्नमंजूषेत मॉरिशस कसा बसवावा

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत गणपतीतली प्रश्नमंजूषा गेली नऊ वर्षं माझ्या गळ्यात आहे. भूगोलाची बाई म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे कुणी विचारलंसुद्धा नाही. पहिल्या वर्षी मी देशांच्या राजधान्या विचारल्या. मुलांनी मोबाइल काढले आणि मागच्या रांगेत दोन काका चक्क झोपले. तेव्हापासून दरवर्षी एकच छोटासा देश घेते. तुम्ही सुरुवात मॉरिशसने करा.

पहिला प्रश्न आकाराचा, पण चौरस किलोमीटर विचारू नका. ‘पुणे जिल्ह्यात किती मॉरिशस मावतील?’ असं विचारा, म्हणजे आजीसुद्धा आकडा ठोकतात. उत्तर सात, वर थोडी जागा उरते.

डोडो सगळ्यांना पाठ असतो, म्हणून उलटं विचारा: ‘आपण गॅलरीला जाळ्या ज्याच्यामुळे लावल्या, त्याचा कोणता भाऊबंद सतराव्या शतकात नामशेष झाला?’ डोडो कबुतरांच्याच कुळातला. आता तो फक्त देशाच्या राजचिन्हावर उभा आहे.

एक प्रश्न फसवा हवा. ‘ऑगस्टमध्ये मॉरिशसला निघालात, स्वेटर घ्याल का?’ सगळे ‘नाही’ म्हणून ओरडतात. देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तेव्हा ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा, आणि क्यूरपीपसारख्या उंचावरच्या गावात चांगला गारठा असतो. तिथे हनिमूनला जाऊन आलेलं आमच्याकडचं एक जोडपं अजून माझ्याशी वाद घालतं. गेले होते डिसेंबरात!

तारीख विचारायची तर १२ मार्च. १९६८ साली त्या दिवशी देश स्वतंत्र झाला, १९९२ साली त्याच दिवशी प्रजासत्ताक. हीच तारीख का, ते ओळखायला सांगा. कुणालाच जमलं नाही तर ‘मीठ’ एवढाच इशारा द्या: १९३० साली गांधीजी दांडीला निघाले तो दिवस.

खरा प्रश्न आरतीच्या आधी: ‘परदेशात गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी कुठे मिळते?’ प्रश्नात ‘एकमेव देश’ असं चुकूनही लिहू नका, पुण्यात आहात. उत्तर ऐकल्यावर सभा जरा गप्प होते, तेवढ्यात कारण सांगून टाका. गुलामगिरी मोडली, उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडली आणि १८३४ पासून करारावर भारतीय मजूर नेले गेले. त्यांत आपल्या रत्नागिरीकडचेही होते. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढून हजारो जण त्या देशात शिरले. २००६ पासून तो घाट युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. त्यांच्या पणतवंडांच्या घरात आज बहुधा फ्रेंचवरून घडलेली क्रिओल भाषा बोलतात, मराठी मात्र तिथल्या शाळांतून शिकवली जाते.

बरोबरी झाली तर विचारा, ‘सैन्य किती?’ कायमचं सैन्यच नाही, पोलीसच सगळं बघतात.

बक्षीस म्हणून मी तिथली डाळपुरी करते: गूळ न घातलेली, हळद-जिऱ्याची पुरणपोळीच म्हणा. पिवळ्या वाटाण्याची डाळ नसेल तर हरभऱ्याची घ्या, फक्त वाटण कोरडं ठेवा. ओलं राहिलं की लाटताना फुटते.