रिमॅप केलेल्या इंजिनात टकटक?

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना रिमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललेली) टर्बो पेट्रोल गाडी तुळजापूरचा घाट चढताना टकटकली, तर आधी पेट्रोलवर संशय घ्या. टाकी तळाला आली की 95 किंवा जास्त ऑक्टेनचं भरा. आवाज गेला तर ते डिटोनेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप भडकणं. ट्यूनरकडून (रिमॅप करणाऱ्याकडून) टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, 2-3 अंश मागे घ्या.

न्यूट्रलमध्येही, ऑइल तापल्यावर 2000-2500 आरपीएमला घणघण ठोका येतोय? मग मामला बेअरिंगचा. एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून ऐका (ठिणगी देणारी कॉइल काढली तर कच्चं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं). ज्याला ठोका दबतो, तिथलं बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकशाफ्टकडचं बेअरिंग) गेलं. जाड ऑइल ओतून आवाज दाबायचा उद्योग नको. ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा. बेअरिंगच्या कणांची तांबूस चकाकी दिसली तर गाडी टो करूनच न्या.