स्वमग्न मुलाला दवाखान्यात नेताना

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि माझा मुलगा स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे, त्यामुळे तपासणीच्या टेबलाच्या दोन्ही बाजू मला परिचित आहेत. ज्या मुलाच्या केसपेपरवर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा पडतो, त्याला आपण कुठे चाललो आहोत, तिथे किती वेळ लागेल आणि अंगाला कोण हात लावेल, यांपैकी बहुतेक वेळा काहीच सांगितलेले नसते. तयारीला म्हणूनच घरूनच सुरुवात करावी.

आदल्या दिवशी फोन करून सकाळचा पहिला नंबर मागावा. तो मिळत नसेल तर मुलाला बाहेर गाडीत किंवा आवारात थांबवून नंबर आल्यावर बोलावण्याची विनंती करावी. संकोचाचे कारण नाही : दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे आणि त्याच्या कलम २५ मध्ये दिव्यांगांना तपासणी व उपचारांत प्राधान्य मिळावे अशी तरतूद आहे. मुलाचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांसाठीचे सरकारी ओळखपत्र, सोबत ठेवावे. मूल कसे संवाद साधते, कोणता स्पर्श त्याला सहन होत नाही, ते कशाने शांत होते, कोणती औषधे चालू आहेत, एवढे एका कागदावर लिहून आत जाण्यापूर्वीच डॉक्टरांकडे पोहोचवावे. मुलाच्या देखत त्याच्या अडचणींचा पाढा वाचण्याची वेळ मग येत नाही. न बोलणारे मूल ऐकत मात्र असते, हे आम्हा डॉक्टरांच्याही लक्षात राहत नाही.

मुलाला काय होणार हे दाखवण्यासाठी त्याच दवाखान्याचे फाटक, खुर्ची आणि स्टेथोस्कोप यांचे फोटो मोबाइलवर काढून क्रमाने लावावेत व शेवटचा फोटो आपल्या घराचा ठेवावा. पुस्तकातला हसरा डॉक्टर आणि समोरची खुर्ची यांचा संबंध माझ्या मुलाला कधी लागला नाही. प्रत्यक्ष जागेचा फोटो मात्र लगेच कळला.

रक्त तपासणीला सर्वांत जास्त तयारी लागते. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन असलेले बधिरतेचे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने कोपराच्या आतल्या बाजूला जाडसर लावून, वर पातळ प्लास्टिक गुंडाळून, साधारण तासभर ठेवावे लागते. ते चिकटपट्टीने चिकटवू नये, कारण काही मुलांना सुईपेक्षा पट्टी ओढून काढणेच असह्य होते. दंडाला बांधायच्या पट्ट्याची सवय म्हणून घरी मऊ फीत क्षणभर बांधून सोडावी. ‘काही दुखणार नाही’ असे खोटे सांगू नये. ‘टोचेल, मी पाचपर्यंत मोजेन’ असे सांगावे, आणि पाचाला काम झाले नसेल तर मोजणे लांबवण्याऐवजी थांबून पुन्हा सांगावे. चौघांनी धरून काम झटपट उरकते खरे, पण पुढच्या वेळी ते मूल त्या गल्लीतही वळत नाही.

खरी कसोटी लागते ती दुखणे ओळखताना. ‘पोट दुखतंय का?’ असे विचारल्यावर मूल ‘दुखतंय का’ एवढेच परत म्हणते आणि त्यातून आपल्याला काहीच कळत नाही. एरवी शांत असणारे मूल अचानक डोके आपटू लागले, झोपेनासे झाले किंवा ठरलेला पदार्थही नाकारू लागले, तर ‘ऑटिझममुळे असेल’ असे म्हणून विषय संपवू नये. कान, दात, बद्धकोष्ठता आणि आम्लपित्त या चार गोष्टी तपासून घेण्याचा आग्रह धरावा. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलांत बद्धकोष्ठता तर फारच आढळते. असा प्रसंग घडत असताना मोबाइलवर चित्रीकरण करावे, कारण दवाखान्यात तो नेमका दिसत नाही. मूल मध्येच टक लावून थिजत असेल, हाक मारूनही भानावर येत नसेल, तर हे चित्रीकरण विशेष उपयोगी पडते : स्वमग्न मुलांमध्ये फिट्सचे प्रमाण इतर मुलांपेक्षा अधिक असते आणि काही मुलांना वयात येताना त्या सुरू होतात.

दातांच्या कामासाठी पूर्ण भूल द्यावी लागणार असेल, तर रक्ताचा नमुना, कानातला मळ, एरवी हात लावू न दिलेली नखे, यांपैकी काय काय त्याच भुलीत उरकता येईल, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवावे.