डीओ वाढला म्हणून खूश होऊ नका: सॉल्व्हंट शिरल्यावर ईटीपीत होणाऱ्या चुका

ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा. तिच्या एरेशन टँकमध्ये हवा देऊन जिवाणूंकरवी घाण संपवतात. तिथला डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, रातोरात लिटरमागे २ वरून ५ मिलिग्रॅमवर गेला, की वीज वाचवायला हवा फुंकणारा एक ब्लोअर बंद केला जातो. पहिली चूक तीच. ब्लोअर तेवढेच, येणारा सीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप) तेवढाच, मग ऑक्सिजन उरतो कसा? घाण खाणारे जिवाणूच थांबलेत म्हणून!

टोल्युइन, झायलीन, क्लोरोफॉर्म ही सॉल्व्हंट (द्रावकं) पाण्यापेक्षा तेलात सहज मिसळतात. जिवाणूच्या पेशीचं आवरण स्निग्धच असतं, त्यामुळे ती त्यात घुसतात, आवरण सैल पडतं आणि आतले आयन झिरपून जातात. मिथेनॉल किंवा ॲसिटोनचा लोंढा आला तर बहुधा उलट घडतं: जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि डीओ कोसळतो. आउटलेटचा सीओडी दोन्ही वेळा चढलेलाच दिसतो, म्हणून नुसत्या सीओडीवरून निदान करू नका.

टँकमधलं पाणी बाटलीत घ्या, भरपूर हवा द्या, झाकण लावून ढवळत ठेवा आणि दर मिनिटाला डीओ लिहा. नेहमीच्या मानाने तो फारच संथ उतरत असेल तर विषबाधेचा संशय घ्या. अर्थात, ‘नेहमीचा’ आकडा आधीपासून वहीत हवा. सूक्ष्मदर्शकाखाली एरवी वळवळणारे प्रोटोझोआ (एकपेशीय सूक्ष्मजीव) निपचित दिसले, तर संशय पक्का.

बीओडी (घाण पचवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप) कमी आला म्हणूनही निर्धास्त राहू नका. नमुना जास्त पातळ केल्यावर बीओडी वाढत गेला, तर नमुन्यातलं विषच चाचणीच्या बाटलीतल्या जिवाणूंना दाबत होतं.

विष टँकमध्ये असताना नवं कल्चर (ताजे जिवाणू) ओतणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी येणारं पाणी होल्डिंग टँककडे वळवा, स्लज (जिवाणूंचा गाळ) काढणं थांबवा, रिटर्न स्लज, म्हणजे खाली बसलेला गाळ टँकमध्ये परत आणणं, चालू ठेवा. हवा मारून सॉल्व्हंट उडवलं तर सीओडी उतरेल, पण ते गेलं कामगारांच्या नाकात.

सगळ्यात जास्त घाई नडते ती अमोनियाच्या बाबतीत. सीओडी खाणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात. नायट्रिफायरना, म्हणजे अमोनिया संपवणाऱ्या जिवाणूंना, एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो, शिवाय ते नाजूक. सीओडी सुधारला म्हणून पूर्ण लोड दिला की अमोनिया आठवडे हटत नाही.

टोल्युइन पचवणारे जिवाणूही असतात, पण त्यांना थोडं थोडं आणि रोज मिळायला हवं. लांबलचक शटडाउननंतर ती सवय मोडते. तेव्हा पहिल्या दिवशी ड्रम धुतलेलं पाणी थेट सोडू नका; इक्वलायझेशन टँकमधून (जिथे येणारं पाणी आधी साठवून एकसारखं करतात) हळूहळू द्या.