मॉडेल बॉक्सकारवर खडूच्या खुणा काढताय? या चुका टाळा

अमेरिकन मालगाडीच्या बंद डब्यांवर, म्हणजे बॉक्सकारवर, रेल्वे यार्डातली माणसं खडूने, पुढे पेंटस्टिकने (घट्ट रंगाची कांडी) चित्रं आणि सह्या काढायची. त्यातलं सेंट लुईसकडचं हर्बी, म्हणजे ताडाखाली सोम्ब्रेरो (रुंद मेक्सिकन टोपी) घालून झोपलेला माणूस, हे चित्र बरंच फेमस. मॉडेलवर ते करायला गेलं की मात्र डबा चुना फासल्यासारखा दिसायला लागतो, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं, काढणारा माणूस कुठे उभा होता आणि हातात काय होतं हेच आपण विसरतो.

सगळ्यात मोठी गडबड जाडीची. एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापात सगळं 1:87, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, फूटभर चित्र साडेतीन मिलिमीटरमध्ये बसवायचं आणि खडूची अर्धा इंची रेघ होते जेमतेम 0.15 मिलिमीटर. आपण घेतो पांढरं जेल पेन, त्याची 0.5 ची रेघ खऱ्या डब्यावर पावणेदोन इंच भरते, एवढा जाड खडू कोण धरणार? पांढरी कलर पेन्सिल घ्या, दर दोन-चार रेघांनी टोक करा, आणि चित्र ओळखू आलंच पाहिजे हा हट्ट सोडा, तीन फुटांवरून नुसती पुसट खूण दिसली तरी काम झालं. पेन्सिल घसरत असेल तर पृष्ठभाग ग्लॉसी आहे, आधी मॅट कोट मारा.

उंचीचं पण तसंच. माणूस खाली गिट्टीवर उभा, हात जाणार चार ते सहा फुटांवर, म्हणजे जमिनीपासून 14 ते 21 मिलिमीटर. छताखाली सही दिसली की समजायचं, शिडी आणून काढलीय!

आणि सगळीकडे चित्रंच नकोत हो. जास्त खडू कामाचाच असायचा, ट्रॅक नंबर, ओके, जुना नंबर खोडून शेजारी नवा, तोही घाईत, तिरका, दर वेळी वेगळ्या हाताचा. आपलं एकच वळणदार अक्षर डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आलं की सगळं बिघडतं.

काळ बघा. पाइप ओढणारा काउबॉय, म्हणजे बझ ब्लर या कलाकाराची 'कोलॉसस ऑफ रोड्स' ही खूण, 1971 पासूनचा, त्यामुळे 1950 चा काळ दाखवणाऱ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर तो काढाल तर जाणकार हसतील.

शेवटी सीलिंग, म्हणजे खुणा पुसू नयेत म्हणून वरून पारदर्शक थर. डलकोट या मॅट स्प्रेखाली पांढरी पेन्सिल फिकी पडते आणि पेस्टल पावडर तर जवळजवळ गायबच, म्हणून आधी किंचित ठळक काढा आणि मग लांबून हलके फवारे द्या. पावसाळ्यात दमट हवेत मारलात तर सगळ्यावर पांढरट धुकं येतं, अल्कोहोलचा वॉश (डबा जुना दिसावा म्हणून लावलेला पातळ रंग) डलकोटवर गेला तरी तेच होतं. घाबरू नका, कोरड्या दिवशी वरून अजून एक हलका हात दिला की बहुतेक वेळा जातं.