फळ्यावरची पुण्यतिथी कशी लिहावी

आमच्या सोलापूरच्या वाचनालयातला फळा मीच लिहिते. कुणाची पुण्यतिथी असली की 'महान कलावंत' वगैरे आधी गाळा. फळ्यावर जागा कुठे असते! हिंदी सिनेमातल्या अभिनेत्री शशिकला घ्या. जन्म सोलापूरचा, १९३२. निधन ४ एप्रिल २०२१. तारखा एका कोपऱ्यात, बारीक. मोठ्या अक्षरांत काम लिहा: पोरवयात 'झीनत'मधली कव्वाली, पुढे 'आरती' आणि 'गुमराह'साठी फिल्मफेअर. खाष्ट बायका अशा रंगवल्या की आमच्या सासूबाई पडद्याकडे बघून कडाकडा बोटं मोडायच्या. अशी एखादी घरची आठवण हवीच, लोक तीच वाचायला थांबतात. पद्मश्रीचं साल, २००७, लिहिण्याआधी ताडून घ्या. खडू जरा ओला करा. अक्षर ठसठशीत उमटतं आणि येता-जाता बाही लागून पुसत नाही.