बऱ्याच वर्षांनी सायकल काढताय? पुण्याच्या रहदारीत या चुका टाळा

सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या पुण्यात आज कुणी पन्नाशीत पुन्हा सायकल काढली, तर दमायच्या आधी त्याचा धीर सुटतो. सायकल चालवणं अंगात असतंच, पण मागून बसचा हॉर्न वाजला की हँडल डगमगतं. नुसता मनाचा हिय्या करून हे जात नाही. बहुतेक वेळा भीतीमागे एखादी साधी, दुरुस्त होणारी चूक असते.

पहिली चूक सायकलीतच असते. हवा कमी असली की सायकल जड चालते आणि आपल्याला वाटतं, वय झालं. टायरच्या कडेवर हवेचा दाब छापलेला असतो, तेवढी हवा भरा. रबराला भेगा पडल्या असतील तर टायर बदला. वर्षानुवर्षं पडून राहिलेले ब्रेकचे रबर कडक होऊन घसरतात, तेही नवे घाला. सीट सुरुवातीला थोडी खालीच ठेवा. पायाची बोटं जमिनीला टेकली की सिग्नलला निम्मी धास्ती कमी होते.

रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर फिरून सोमवारी दहा वाजता थेट कर्वे रस्त्यावर उतरू नका. मधली पायरी हवी. प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांमध्ये दुपारी फिरा. तिथे वाहनं असतात, पण वेग कमी असतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे अगदी कडेला चिकटून चालवणं. सुरक्षित वाटतं, पण वाळू, खड्डे, चेंबरची झाकणं सगळी कडेलाच. ती चुकवायला तुम्ही अचानक उजवीकडे येता आणि मागच्या दुचाकीवाल्याला काही कळायच्या आत त्याच्यासमोर असता. शिवाय उभ्या रिक्षेतून कोण कधी उतरेल, गाडीचं दार कधी उघडेल, नेम नाही. कडेपासून आणि उभ्या गाड्यांपासून हातभर नव्हे, चांगलं मीटरभर अंतर ठेवा आणि सरळ रेषेत चला. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. हॉर्न वाजवतोय म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलंय. उलट्या दिशेने मात्र दहा पावलंसुद्धा जाऊ नका.

मागे वळून पाहता न येणं ही खरी अडचण, आणि तिचा सराव कुणी करत नाही. उजव्या खांद्यावरून पाहिलं की सायकलही उजवीकडे ओढली जाते. सोसायटीच्या आवारात पांढऱ्या पट्ट्यावरून चालवत हा सराव करा: कोपर सैल, हनुवटी खांद्याकडे, पट्टा सुटता कामा नये. मग एक हात सोडून इशारा करायचा. हे जमलं की रहदारीचं निम्मं भय ओसरतं, असं माझं ठाम मत आहे.

थांब्याकडे वळणाऱ्या पीएमपी बसच्या डाव्या बाजूने घुसू नका, ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. तिच्या मागे थांबा. मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं तर मधल्या लेनमध्ये शिरायची गरज नाही: सरळ पलीकडे जा, कडेला थांबा, सायकल उजवीकडे वळवून उभी करा आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की निघा.

तरीही एखादा चौक अंगावर आला तर उतरा आणि सायकल हातात धरून झेब्रा क्रॉसिंगवरून चाला. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात अर्धा तास आधी, गर्दी कमी असताना या.